भुऱ्याचा जांभळा बोगदा

माझ्या माहेरच्या परसात गुलबक्षी फुलायची आणि त्या फुलांत कुणीतरी राहतं, असं आम्ही अगदी खात्रीने सांगायचो. तेव्हा ऐकलेली ही गोष्ट.

माईसाहेबांच्या बागेच्या कोपऱ्यात, इवल्याशा खोपटात रेवू आणि तिचे माळीबाबा राहायचे. आई देवाघरी गेलेली. तिची एकच जांभळी साडी उरली होती, मऊमऊ, हळदीच्या नि चुलीच्या वासाची. रेवूच्या गोधडीसाठी जपलेली.

बागेत माईसाहेबांचे कुत्रे जत्रेतल्या शर्यतीचा सराव करायचे. पत्र्याच्या काळ्या बोगद्यातून सगळे सुसाट जायचे. एकटा रेवूचा लाडका भुऱ्या तोंडाशीच थरथरायचा.

"उद्या संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर त्याची रवानगी डोंगरापलीकडच्या मळ्यावर," माईसाहेब म्हणाल्या.

रेवू गुलबक्षीपाशी मुसमुसत बसली. तोच एक गुलाबी कळी टप्पकन उमलली आणि अंगठ्याएवढी परी बाहेर आली. केसांत पिवळे परागकण, पंखांवर चमचमते थेंब.

"रडतेस कशाला गं? माग काहीतरी. पण स्वतःसाठी मागायचं नाही हं! आणि कुणाची भीती मला काढता येत नाही."

"मग तुला येतं तरी काय?"

परी जराशी ओशाळली. "उजेड देता येतो."

"मग भुऱ्याच्या बोगद्यात उजेड दे!"

"देते की. पण बोगदा तुझ्या हातचा हवा."

रेवूने बांबूच्या कामट्या वाकवून मातीत रोवल्या. वर घालायला खोपटात दुसरं होतंच काय? तिने साडी गालाला लावली आणि कामट्यांवर पसरली. निळी गोकर्णाची वेल वर चढवली. साडीचा उरलेला पदर अंथरूण घालायच्या सवयीने चौघडी करून आत अंथरला. परीने फुंकर मारली. आत जांभळा उजेड चांदण्यांसारखा लुकलुकला.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याने हुंगलं, शेपटी हलवली आणि तो आत शिरला! सगळे पलीकडे धावले. भुऱ्या येईना. आतून घोरणं ऐकू आलं.

"अगं बाई, हा बोगदा आहे की बाळंतिणीची खोली?" माईसाहेब म्हणाल्या.

रेवूला चूक कळली: तिने आत अंथरूणच घातलं होतं. पलीकडच्या तोंडाशी बसून तिने पदर हळूच ओढून घेतला, खांद्यावर टाकला.

"ये रे, माझ्या सोन्या."

भुऱ्या जागा झाला. थरथरला. मग पदराचा वास घेत एकेक पाऊल टाकत आला आणि शेवटी थेट तिच्या कुशीत झेपावला.

माईसाहेबांनी वाकून भुऱ्याची पाठ थोपटली. "याला शर्यतीत नाही गं पळायचं. याला तुझ्याकडे यायचंय. ठेव तुझ्याचपाशी."

गुलबक्षीतून परी हसली. "मागणं दुसऱ्यासाठी असतं. बक्षिसाला असला नियम नाही. या साडीतला आईचा वास कधी जाणार नाही."

आणि सोनेरी उजेडात ती विरून गेली. फुलावर नुसते पराग उरले.

बोगदा रेवूने मोडला नाही. थंडीतल्या दुपारी दोघं त्यातच झोपायची. ती खोली आहे की बोगदा, हे मग कुणीच विचारलं नाही.