पुसलेल्या त्रिकोणाचे नाव

"...आणि हा?"

स्वामींनी धूळपाटीवर बोट फिरवलं. पाटावर पसरलेल्या बारीक धुळीत एक गोल उमटला.

"क्युक्लोस," प्रद्योत म्हणाला. "वर्तुळ."

"हा?"

"ट्रिगोनॉन. त्रिकोण."

"आणि हा वेडावाकडा चौकोन?"

"ट्रापेझिऑन, महाराज. मूळ अर्थ, लहानसं मेज."

"मेज? मग वाढ की जेवायला!"

स्वामी पोटभर हसले. प्रद्योत हसला नाही.

जर्मनीतली नोकरी सोडून तो परतला होता, तो एकाच ध्यासाने. गावी शाळा काढायची आणि पोरांना भूमिती थेट तिच्या मुळापासून शिकवायची. स्वामींनी तरुणपणी ग्रीसमधल्या एका मठात काही वर्षं काढली होती. त्यांच्याकडून भूमितीची ती मूळ भाषा, ग्रीक, शिकावी म्हणून तो या टेकडीवर येऊन राहिला. आकारांची नावं तोंडावर आली, की गावी जायची आज्ञा देईन, असं स्वामींनी कबूल केलं होतं.

नावं तर झोपेतही तोंडावर येत होती.

"महाराज, आता निघू? गावात पोरं खोळंबलीत."

"पोरं खोळंबलीत, की तू?"

प्रद्योतचे कान तापले.

"बरं, एक त्रिकोण काढ. नीट."

त्याने मन लावून काढला. बाजू सरळ, कोपरे टोकदार. त्याचा त्यालाच आवडला.

स्वामींनी पाट उचलला, हलकेच हलवला आणि पुन्हा खाली ठेवला. धूळ सपाट झाली.

"कुठं गेला रे?"

"तुम्ही पुसलात."

"धूळ कमी झाली?"

"नाही..."

"मग मी पुसलं काय?"

"आकार, महाराज."

"धूळ बाजूला ठेव आणि तेवढा आकार दाखव बघू."

प्रद्योतने पाटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटाकडे. बोटाला धूळ चिकटली होती, त्रिकोण नव्हता. पण मघाशी तर होता. अगदी नीट होता...

"पुसलेल्या त्रिकोणाला ग्रीकमध्ये काय म्हणतात?" स्वामींनी विचारलं.

त्याने पाठ केलेले सगळे शब्द उलटेपालटे करून पाहिले. एकही लागू पडेना.

"हा शब्द..." तो पाटाकडे बघत म्हणाला. "हा शब्द तुम्ही शिकवलाच नाहीत."

"नाही शिकवला."

"म्हणजे माझं शिक्षण अजून... मग शाळेचं काय? मी जाऊ, की नको?"

स्वामींनी तो सपाट धुळीचा पाट उचलून त्याच्या हातांत दिला.

"आता जा. मलाही तो शब्द कुणी शिकवला नाही. पोरांना विचार, अन् मला कळव."