ढोल, डोळे आणि खाजकुइली

फार जुन्या काळी, एका नदीकाठी एक संशयी गाव होते. किती संशयी? घरचे दूध मांजराने प्यायले, तरी आधी शेजारणीच्या ओठांकडे बघायचे, इतके संशयी.

त्या गावात चोर शोधायची एक रीत होती. चावडीपुढच्या दगडावर माणसाला उभे करायचे, भोवती ढोल बडवायचा आणि पाटलाने डोळ्यांत डोळे घालून विचारायचे. जो अडखळला, ज्याने नजर चुकवली, तो चोर. चोराच्या मनात चांदणे, असे म्हणून गाव मोकळे व्हायचे.

एके दिवशी देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. एकेक जण दगडावर चढला आणि नीट उत्तर देऊन उतरला. मग येसूची पाळी आली.

येसू घोंगड्या विणायची. हात असा की घोंगडीतून पाणी पाझरत नसे. पण गलका झाला की ती कान झाकायची, बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही आणि बाजाराच्या दिवशी देवळामागे भिंतीला पाठ लावून एकटीच डोलत बसायची. एकटी बसते, म्हणजे नक्की काहीतरी शिजतेय, असे गावाला आधीपासूनच वाटत होते.

"देवळामागं मी..." तिने सुरुवात केली. तेवढ्यात ढोल वाजला.

तिचे शब्द तिथेच थांबले. तिने कान दाबले, डोळे मिटले आणि जागच्या जागी डोलू लागली.

"माझ्याकडं बघ," पाटील ओरडला. ती थरथरू लागली. "आणखी जोरात वाजवा रे," तो म्हणाला. शेवटी ती दगडावर मटकन बसली आणि तिची वाचाच बसली.

"सापडला चोर," लोक म्हणाले. शिक्षा ठरलेली होती. उन्हे उतरायच्या आत गाव सोडायचे, घरदार आणि माग तिथेच ठेवून. मागाशिवाय येसू खाणार काय, हे कुणीच विचारले नाही.

तेव्हा गावची म्हातारी सुईण पुढे आली. अर्धे गाव तिच्या हातून जन्मले होते, म्हणून पाटलालाही ती अरे-तुरे करायची.

"तू चढ दगडावर," ती पाटलाला म्हणाली. "तुझी परीक्षा कुठं झालीय?"

पाटील हसत चढला. म्हातारीने कुंपणावरची खाजकुइलीची शेंग पानात धरून आणली आणि त्याच्या मानेवर झटकली.

"आता माझ्या डोळ्यांत बघ. तुझ्या आज्याचं नाव सांग."

पाटील मान खाजवत नाचू लागला. नजर भिरभिरली. आज्याचे नाव काही केल्या आठवेना.

"अडखळतोय. हाच चोर," म्हातारी म्हणाली.

लोक हसले. ती हसली नाही.

"तुझी नुसती मान खाजली, तर आज्याला विसरलास. हिला तुमचा ढोल, तुमचे डोळे असेच चावतात, लहानपणापासून. ते चोरीचं भ्या नव्हं. तो जिवाला होणारा जाच आहे."

तिने ढोल बाजूला ठेवायला लावला. लोकांना लांब बसवले. येसूच्या हातात लोकरीची लड दिली आणि स्वतः तिच्या बाजूला बसली, समोर नाही. तिने काहीच विचारले नाही. येसू बराच वेळ डोलत राहिली, म्हातारीने तिला डोलू दिले.

मग लोकरीकडे बघतच येसू म्हणाली, "मी देवळामागं बसले होते. पाटलांच्या मेहुण्यानं मुखवटा पंच्यात बांधला. मला वाटलं, घासायला नेतोय."

मेहुणा तर दगडावर सगळ्यांत आधी चढला होता, पाटलाच्या नजरेला नजर भिडवून, अगदी हसत. लोक धावले. पण इकडे गाव येसूभोवती ढोल बडवत असताना तो कधीच नदीपार झाला होता. मुखवटा पुन्हा कुणाला दिसला नाही.

पाटील खाली मान घालून येसूजवळ आला. "अगं, मग आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," येसू म्हणाली. "तुम्ही ढोल वाजवलात."

म्हणून लहानथोरांनी एवढे ध्यानात ठेवावे: कासावीस झालेल्या माणसाला गुन्हेगार ठरवण्याआधी, त्याला होणारा जाच थांबवावा.