कातरीनबायचा कोबा

शिंपाळ्याच्या देवळाला मनोरा एकच. चर्चच आहे हो ते, पण वसईकडचे आम्ही जुने ख्रिस्ती त्याला देऊळ म्हणत आलो, तेव्हा मीही तेच म्हणणार. उजवीकडचा मनोरा उभा आहे. डावीकडे बघा, पुरुषभर उंचीचं जोतं आणि त्यावर उगवलेला पिंपळ, एवढंच उरलंय. पाहुणे येतात आणि आपल्या मनानेच ठरवून मोकळे होतात, की लढाईत पडला असेल, वीज पडली असेल. यातलं काही झालं नाही. एका माणसाच्या घाईने तो पडला. किल्ल्या माझ्याकडे असतात म्हणून मला रोज कुणीतरी विचारतं, आणि सांगायला सुरुवात केली की लोक घड्याळ बघतात. तुम्ही बघणार नसाल तर बसा त्या बाकावर.

फिरंग्यांच्या राज्यातली गोष्ट. खाडीवरच्या गढीत एक कप्तान राहायचा. गाव त्याला आंदण मिळालेलं, आणि देऊळही तोच बांधवत होता. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण आमच्यात ते घेत नाहीत. देवळाचा चुना करायचं काम होतं बस्त्याव आणि त्याची बायको कातरीन यांच्याकडे. खाडीतल्या शिंपल्या भाजायच्या, भिजवायच्या, बैल जुंपलेल्या घाणीत दळायच्या, गूळ आणि बेलाचं पाणी घालायचं आणि मग मुरू द्यायचं. चुन्याचं सगळं कसब या मुरण्यात. कच्चा चुना भिंतीत गेला की वरून छान दिसतो आणि आतून पीठ होतो.

उजवा मनोरा रीतसर झाला. डावा अर्ध्यावर असताना निरोप आला की बिशप सणाला येणार आहेत. कप्तानाला दोन्ही मनोरे उभे दाखवायचे होते. बस्त्याव म्हणाला, "चुना मुरला नाही, सायेब. पावसाळा जाऊ द्या." कप्तानाने त्याला चाबूक दाखवला आणि तोच चुना भिंतीत घालायला लावला. सगळ्या गावासमोर घालायला लावला, असं सांगतात. सणाच्या आदल्या संध्याकाळी मनोरा बसला आणि त्याखाली बस्त्याव गेला.

बिशपांना काय सांगायचं? कप्तानाने सांगितलं, चुनेवाला चोर होता, चांगला चुना बाहेर विकून यात माती कालवली. देवाचा चोर म्हणून त्याला देवळाच्या आवारात माती द्यायची नाही, त्याच्यासाठी घंटा वाजवायची नाही. पाद्री भला माणूस होता, पण भल्या माणसाला कणा असतोच असं नाही. बस्त्यावला नेऊन खाडीकाठच्या खाजणात पुरलं, जिथे भरतीचं पाणी चढतं आणि कुत्री उकरतात. कातरीन तिथे चिखलात उभी राहून म्हणाली म्हणे, "माझ्या माणसाला ज्याने माती नाकारली, त्याची माती माझ्या हातात येऊ दे. मी गावाला त्याच्यावर नाचवीन."

आणि ती परत चुन्याच्या घाणीवर गेली. रडली असेल ते घरात. कप्तानाला वाटलं, बाई नरमली. अहो, नरमली कसली, ती मुरत होती.

पडका मनोरा तसाच टाकून कप्तानाने आतलं काम पुरं करायला घेतलं. शेवटी राहिली जमीन. त्याने स्वतःसाठी वेदीसमोरची जागा धरली होती. तिथे विटांचं थडगं बांधून ठेवायचं, वर काळ्या दगडाची शिळा, शिळेवर त्याचं नाव आणि त्याच्या घराण्याच्या ढालीवरचा सिंह. मेल्यावर शिळा उचलायची, पेटी आत सोडायची, शिळा परत ठेवायची. उरलेल्या सगळ्या देवळात चुन्याचा कोबा करायचा. कातरीनला बोलावून तो हसत म्हणाला, "या वेळी चुना कच्चा नको हां, बाई."

"नाही सायेब," ती म्हणाली. "या वेळी पक्का."

कोबा चोपणं हे बायकांचं काम. चुना आणि विटांचा चुरा पसरायचा, ओळीने बसायचं, हातात लाकडी थाप्या घ्यायच्या आणि गाणी म्हणत दिवसचे दिवस चोपत राहायचं. गावातल्या सगळ्या बाया तिथे होत्या. भर दुपारी गवंडी आणि पहारेकरी जेवायला गेले की बायका ते मोकळं थडगं भरायच्या. थर टाकायचा, चोपायचा, वर फळ्या आणि पोती. कडेपर्यंत भरलं, मुरलं, आणि मग कातरीननेच वर पोतं अंथरून गवंड्याला हाक मारली आणि पोत्यावरच शिळा बसवून घेतली. गावातल्या एकाही बाईने नवऱ्याला सांगितलं नाही. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणणाऱ्यांनी शिंपाळ्याला यावं.

कप्तान म्हातारा होईपर्यंत दर रविवारी त्या शिळेवर गुडघे टेकून प्रार्थना करायचा. मागे कातरीन बसलेली असायची, जपमाळ ओढत.

भर आषाढात तो तापाने मेला. मरताना मुलाकडून क्रुसावर हात ठेवून वचन घेतलं, की मला देवळाच्या छपराखालीच पुरशील. पेटी वेदीसमोर आणली, शिळा उचलली, आणि खाली दुसरी शिळाच असावी तसा कोबा. पहार मारली तर ठिणगी उडाली. शेजारी खणायला गेले, तिथेही तेच. दोन दिवस पहारी वाकल्या, आणि गावातले गडी तर असे हळूहळू खणत होते की विचारू नका. बाहेर पाऊस, आत प्रेत. लोक नाकाला फडकं लावून प्रार्थना म्हणू लागले.

शेवटी मुलगा आणि पाद्री कातरीनच्या दारात आले. ती म्हणाली, "मऊ माती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पण आधी माझा माणूस आवारात येईल. घंटा वाजेल. आणि ‘बस्त्याव चोर नव्हता, कच्चा चुना माझ्या बापाने घालायला लावला,’ हे तू बापाच्या पेटीवर हात ठेवून बोलशील, गावाला ऐकू जाईल असं."

मुलगा भडकला, तलवारीला हात घातला. कातरीन म्हणाली, "मार. मग शोध जागा."

तो बोलला. भरल्या देवळात, त्या वासात उभा राहून बोलला. पाद्र्याने आपल्या हाताने खाजणातून बस्त्यावची हाडं काढली, आवारात आंब्याखाली पुरली, आणि एकुलत्या मनोऱ्यातली घंटा संध्याकाळपर्यंत वाजत राहिली. कातरीन त्या दिवशी सगळ्यांदेखत ऊर फुटेस्तोवर रडली. पाद्र्याने विचारलं, "आता तरी त्याला क्षमा केलीस ना, बाय?" ती म्हणाली, "क्षमा करणं देवाचं काम. मी चुनेवाली."

मग तिने जागा दाखवली. मोठ्या दाराबाहेरची ती पडवी आहे ना, तिच्यावर देवळाचंच छप्पर येतं. वचन मोडत नव्हतं. तिथे कोबा नव्हता, नुसती माती होती, कारण दाराशी कोबा घालायचं कातरीनने मुद्दाम बाकी ठेवलं होतं. कप्तानाला उंबऱ्याला लागून पुरलं आणि वर त्याची ती सिंहाची शिळा बसवली. मुलगा गढी सोडून गेला तो परत आला नाही. पुढच्या रविवारी पावसाचा चिखल तुडवत सगळं गाव आलं, आणि आत शिरण्याआधी एकेकाने त्या शिळेवर पाय पुसले. सगळ्यात शेवटी कातरीन आली आणि बराच वेळ पुसत राहिली, असं सांगतात.

आजही आमची नवरी लग्नाला आली की दारात थांबते, त्या दगडावर टाच घासते आणि मगच आत पाऊल टाकते. सिंह कधीच झिजला, नावाचं एक अक्षर उरलं नाही. तुम्हाला मी बाजूच्या दाराने आत घेतलं, जाताना मात्र मोठ्या दाराने जा. शिकलेली माणसं थडगं म्हटलं की ओलांडून जातात. ओलांडू नका. ते तिथे पायांसाठीच ठेवलंय.