तानी भडभुंजीण आणि उपाशी धूर

एक होता राजा, हरणपूरचा. मनानं अगदी लोण्यासारखा, पण त्याला एक खोड होती. काही चांगलं केलं की ते सगळ्या गावाला कळलंच पाहिजे. विहीर बांधली, वाजवा नगारा. पूल बांधला, वाजवा नगारा. राणीनं एकदा स्वतःच्या हातानं लाडू वळले, तर त्यालाही नगारा वाजवला. राणी चार दिवस बोलली नाही त्याच्याशी.

तर एकदा काय झालं, त्या हरणपुरात शिंकरी आली. शिंकरी म्हणजे साथ, बरं का. एकजण शिंकला की शेजारचे चौघं आडवे. चौघं शिंकले की अख्खी आळी आडवी. वैद्यबुवा राजाला म्हणाले, "महाराज, ही माणसावरनं माणसावर उडी मारते. माणसं आपापल्या घरात बसली, तर हिला उडी मारायला जागाच राहणार नाही. चाळीस दिवस दारं बंद ठेवा."

मग झाली दारं बंद. बाजार बंद, देऊळ बंद, शाळा बंद. हो, शाळासुद्धा. दात काढू नका, पुढं ऐका.

ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या ते बसले निवांत. पण खालच्या आळीनं काय करावं? तिथं शंभर घरं. बुरूड, शिंपी, कासार. दिवसभर हात चालवावे तेव्हा कुठं रात्री ताटात भाकरी पडायची. टोपली विकली नाही तर पीठ कुठनं यायचं?

राजाला काळजी लागली. त्यानं हुकूम काढला, "मी रोज सकाळी गच्चीवर उभा राहीन. ज्या घरातनं धूर निघणार नाही, त्या घरात चूल पेटली नाही असं समजेन. कोठारातली गाडी त्या दारात जाईल आणि महिन्याभराचं धान्य ठेवील."

हुकूम चांगला होता की नाही? चांगलाच होता. पण खोड कुठं जाते? राजानं गाडीत पोत्यांच्या पुढं नगारा चढवला.

पहिली गाडी गेली म्हादू शिंप्याच्या दारात. धडाम धूम, धडाम धूम. सगळी आळी खिडकीत. नगारेवाला ओरडतोय, "म्हादू शिंप्याच्या घरात दाणा नाही होऽ. महाराजांनी दिला होऽ." म्हादू कपड्यांच्या ढिगामागं लपला. त्याच्या बायकोनं तोंडावर पदर ओढला, पोतं आत घेतलं आणि धाडकन दार लावलं.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? शंभर घरं, शंभर धूर. एकही चूल थंड नाही. राजा गच्चीवर खूश. "वा," म्हणाला, "प्रजा सुखात आहे." आणि खाली जाऊन श्रीखंड खायला बसला.

आता त्याच आळीत, अगदी टोकाच्या घरात, राहायची तानी भडभुंजीण. नवरा देवाघरी गेलेला. घरात दोन पोरी, बकुळी आणि ठकी, आणि सासू गोजराबाई. तानी हरभरे भाजायची. लोखंडी कढईत वाळू तापवायची, त्यात हरभरे टाकायची, झाऱ्यानं दोनदा हलवायची, की ताडताड ताडताड फुटाणे तयार. रस्त्यानं जाणारा माणूस वासानंच थांबायचा. पण रस्त्यानं जाणारं कुणी उरलंच नव्हतं. अकराव्या दिवशी पिठाचा डबा पालथा घातला तर त्यातनं एक मुंगी निघाली, तीपण घाईत.

तानी म्हणाली, "आत्याबाई, उद्या चूल नको पेटवायला. धूर दिसला नाही की गाडी येईल."

"आणि तो नगारा? तो काय घरी बसणार आहे?" सासू म्हणाली. "साठ वर्षं या आळीत मी मान वर करून चालले. आता त्या नगाऱ्यानं माझ्या घराचं नाव घ्यायचं? जा, परसातला ओला पाला आण."

"पाला खायचा?"

"खायचा नाही, जाळायचा. कसला धूर आहे ते वरनं कुणाला कळतंय?"

खरं सांगायचं तर तानीलाही नगाऱ्याची भीती वाटत होती. तिनं गुपचूप पाला आणला आणि चुलीत घातला. धूर निघाला, धुराड्यातनं वर गेला. राजानं तिकडं मोजलापण. पण थोड्या वेळानं बघते तर काय, धूर धुराड्यातनं परत खाली आला आणि मांजराएवढा होऊन कोपऱ्यात बसला.

"मला भूक लागलीय," धूर म्हणाला.

तानी दचकली. "धूर कधी जेवतो होय?"

"मी वास खातो. भाकरीचा वास, भाताचा वास. वास पोटात गेला की मला पाय फुटतात, मग मी आभाळात चढतो. तू मला नुसता पाला दिलास. त्याचा वास असा कडू की एक पायसुद्धा फुटला नाही. चालू कसा?"

"मग रांगत जा," गोजराबाई म्हणाली.

पण धूर काही गेला नाही. त्या दिवशी पोरींना तानीनं परसातला शेवगा उकडून दिला. चुलीवर त्याचा वास सुटेल म्हणून धूर डोकावला, पण शेवग्याच्या पानांवर त्याचं काय भागणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाला. धूर वासराएवढा झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाला. धूर म्हशीएवढा झाला आणि घरात कूस बदलायला जागा राहिली नाही. पोरी खोकायला लागल्या, तानी खोकायला लागली. गोजराबाई तर खोकता खोकता शिव्या द्यायची आणि शिव्या देता देता खोकायची.

आणि काय सांगू, हे काही एकाच घरात चाललं नव्हतं. आळीत अशी सत्तर घरं निघाली. सत्तर घरांत सत्तर उपाशी धूर, आणि जो तो खोकतोय. पहारेकऱ्यानं ऐकलं, तो पळत वैद्यबुवांकडं गेला. वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. "शिंकरी वाढली," म्हणाले. "उद्यापासून आणखी चाळीस दिवस दारं बंद."

पहारेकरी खालच्या आळीतनं तसं ओरडत गेला. तानीनं ऐकलं. बकुळी आणि ठकी पाणी पिऊन पालथ्या पडल्या होत्या. ठकी म्हणाली, "आई, आणखी चाळीस म्हणजे किती गं?"

तानीनं पदर खोचला. ती उठली. फडताळात वरच्या फळीवर एक मूठ हरभरे होते, पोरींच्या संध्याकाळच्या जेवणाला ठेवलेले. तेवढेच उरले होते. ती धुराला म्हणाली, "तुला पाय दिले तर राजाकडं जाशील?"

"दे तर खरे," धूर म्हणाला.

मग तानीनं कढई ठेवली. वाळू तापवली. मूठभर हरभरे टाकले, झारा फिरवला. ताडताड ताडताड. आणि असा वास सुटला म्हणता, असा खमंग, की भिंतीवरची पालसुद्धा दोन बोटं खाली सरकली. धुरानं तोंड उघडलं आणि सगळा वास पिऊन टाकला. त्याला एक पाय फुटला. दोन फुटले. बघता बघता पाच पाय फुटले आणि तो नाचायला लागला. आणि फुटाणे? फुटाणे तसेच होते की कढईत. ते पोरींनी खाल्ले. वास धुराला, दाणे पोरींना. एका मुठीत दोघांचं भागलं.

दारात जाऊन धूर थांबला. "राजा विचारील, कुणाच्या घरचा तू? काय सांगू?"

"म्हादू शिंप्याच्या घरचा म्हणून सांग," गोजराबाई लगेच म्हणाली. "त्याचं नाव एकदा झालंच आहे, आणखी एकदानं काय बिघडतंय?"

तिकडं बकुळीनं शेवटचा फुटाणा दातानं फोडला आणि अर्धा ठकीला दिला. तानीनं ते बघितलं.

"तानी भडभुंजिणीच्या घरचा म्हणून सांग," ती म्हणाली. "तीन दिवस हिच्या चुलीवर दाणा शिजला नाही, नुसता पाला जळला, असं सांग. नगारा आला तर येऊ दे."

गोजराबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

मग धूर निघाला. पाच पायांनी टणाटण उड्या मारत कौलांवरनं चालला. वाटेत प्रत्येक धुराड्यात तोंड घालून म्हणायचा, "काय रे, उपाशी आहेस? धर माझी शेपटी." एकानं शेपटी धरली, त्याची दुसऱ्यानं, त्याची तिसऱ्यानं. सत्तर धुरांची ही लांबलचक रांग झाली आणि वाड्याच्या खिडकीतनं आत शिरली.

राजा जेवायला बसला होता. ताटात मसालेभात, पुरी, अळूची भाजी, वाटीभर श्रीखंड. सत्तर धूर ताटाभोवती मांडी घालून बसले आणि वास ओढायला लागले. राजानं पहिला घास घेतला. कापसासारखा. दुसरा घेतला. तोही कापूस. त्यानं आचाऱ्याला हाक मारली.

"अरे, भातात मसाला घालायला विसरलास?"

"नाही महाराज, शिंका येईपर्यंत घातलाय."

"मग चव कुठं गेली?"

"आमच्या पोटात," पाच पायांचा धूर म्हणाला.

राजा घाबरून पाटावरनं घसरला. "कोण रे तुम्ही?"

"आम्ही तुमची सुखी प्रजा. गच्चीवरनं रोज मोजता ना, तेच आम्ही. मी तानी भडभुंजिणीच्या घरचा. तीन दिवस तिच्या चुलीवर दाणा शिजला नाही, नुसता पाला जळला. हे माझे सगळे भाऊबंद, यांचंही तसंच. आळीत खोकला आहे तो आमच्यामुळं आहे, शिंकरीमुळं नाही."

राजाला काही कळेना. "पण मग तिनं चूल पेटवली कशाला? नसती पेटवली तर माझी गाडी गेली असती की दारात."

"गाडी गेली असती, आणि नगाराही गेला असता," धूर म्हणाला. "महाराज, तुम्ही आत्ता उपाशी आहात. होय ना? मग मी खिडकीत उभा राहतो आणि गावाला ओरडून सांगतो, राजाच्या ताटाला चव नाही होऽ, राजा उपाशी आहे होऽ."

"नको, नको," राजा घाईघाईनं म्हणाला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "अरे, हळू बोल ना."

आणि बोलता बोलता तो थांबला. त्याचे कान लालेलाल झाले. कळलं बरं का त्याला. न सांगता कळलं.

तो तसाच उठला. आधी वैद्यबुवांना निरोप धाडला, की खोकला धुराचा आहे, चाळीस दिवस वाढवू नका. मग त्यानं नगारा आणवला. स्वतः त्याच्या वाद्या सोडल्या, कातडं काढलं. खाली राहिलं तांब्याचं एवढं मोठं भांडं. राजा कोठारी बुवांना म्हणाला, "आता यानं धान्य मापा. घरटी एक माप. गच्चीवरनं बघणं नाही, कुणाला विचारणं नाही. खालच्या आळीत जेवढं, तेवढंच प्रधानाच्या घरी आणि तेवढंच माझ्या. पोती सगळी सारखी. आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढा."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. कशी आली ते कुणाला ऐकूच आलं नाही. गाडीवान तानीच्या दारापासनं चार हात लांब उभा राहिला आणि कुजबुजला, "आजी, धान्य."

गोजराबाईनं दाराची फट केली. "घसा बसलाय काय रे तुझा?"

"नाही आजी. महाराजांचा हुकूम आहे, आवाज करायचा नाही."

"हे पोतं आमच्याच दारात का?"

"सगळ्यांच्या दारात. आत्ता प्रधानांकडं टाकून आलो."

"प्रधानाकडं? हेच?"

"हेच."

गोजराबाईनं दार सताड उघडलं. "मग उंबऱ्यापाशी काय ठेवतोस मेल्या, आत ढकल. आणि एवढा उशीर का केलास?"

तानी पुढं आली. म्हणाली, "दादा, राजाला माझा निरोप सांगशील? धान्य पोचलं, बरं वाटलं. पण आळीचे हात रिकामे आहेत, ते खायला उठतात. कोठारातला हरभरा माझ्याकडं धाडावा, मी गावासाठी फुटाणे भाजते. शिंपी घरी बसून पिशव्या शिवतील, बुरूड टोपल्या विणतील. काम दारात ठेवावं, दारातनं उचलावं. कामाचं जे होईल ते द्यावं. जिथं कुणी आजारी असेल, चूल पेटवायला कुणी नसेल, तिथं फुटाण्यांची ही पिशवी जाईल."

गाडीवानानं निरोप सांगितला. राजा म्हणाला, "हे मला का नाही सुचलं?" राणी म्हणाली, "सुचलं असतं तर वाजवलं असतंत." आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसले.

मग काय विचारता. खालच्या आळीत घरोघरी भाकऱ्या थापल्या जायला लागल्या. सत्तर धुरांनी पोटभर वास खाल्ला, त्यांना पायच पाय फुटले आणि ते धावत धावत आभाळात चढले. खोकला थांबला. तानीच्या कढईत दिवसभर ताडताड, ताडताड. म्हादूच्या घरी पिशव्यांचा ढीग. बुरूड तर गाणी म्हणत विणायचे, एका घरातनं ओळ सुरू झाली की चौथ्या घरातनं संपायची.

असे चाळीस दिवस भरले. वैद्यबुवा गल्लोगल्ली कान देऊन हिंडले. एक शिंक नाही, एक ठसका नाही. शिंकरी कंटाळून कधीच निघून गेली होती. मग एकेक करून दारं उघडली आणि माणसं बाहेर आली. कुणी रडलं, कुणी हसलं. गोजराबाईनं सगळ्यांच्या पोरांना दोन्ही गालांना धरून बघितलं, कोण किती वाळलंय ते. आळीत हारीनं पानं मांडली आणि आधी पोरांना बसवलं. बकुळीनं चार भाकऱ्या खाल्ल्या, ठकीनं साडेतीन, आणि दोघी तिथंच पानावर पेंगायला लागल्या.

तेव्हा गोजराबाई तानीला म्हणाली, "तू कधी गं जेवलीस शेवटची, पोट भरून?"

तानीला आठवेना.

"बस इथं," सासू म्हणाली. तिनं स्वतः तानीचं पान मांडलं. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, बाजूला झुणका. आणि तानी जेवली. घाई नाही, उरलंसुरलं नाही, दुसऱ्यासाठी काढून ठेवणं नाही. शेवटचा घास खाऊन तिनं असा सुस्कारा टाकला, की तो ऐकूनच निम्म्या आळीला झोप आली.

तर अशी ती हरणपूरची माणसं खाऊनपिऊन, गाऊनबजावून सुखात राहिली. त्यांच्या ताटात वाढलं तेवढं सगळ्यांच्या ताटात पडो. आता पांघरुणात पाय घ्या, डोळे मिटा. तानीसुद्धा निजली, मग तुम्ही कशाला जागताय?