तिमाशेटचा शोभेचा वैद्य

घाटमाथ्यावरच्या एका पेठेत सिदोजी नावाचा तरुण राहत असे. जनावरांच्या वैद्यकीची पाठशाळा त्यानं पहिल्या क्रमांकानं पार केली होती. पेठेतल्या तिमाशेट व्यापाऱ्यानं त्याला भारी पगारावर लगेच ठेवून घेतलं. बरोबरीचे विद्यार्थी जळफळले.

पण शेटचे घोडे पडले लाडावलेले. खाऊनपिऊन टुणटुणीत! त्यांना कधी साधी शिंकही येत नसे. मग सिदोजीचं काम काय? पाहुणे आले की जरीचा अंगरखा घालून तबेल्यापाशी उभं राहायचं आणि घोड्यांच्या रोगांची नावं घडाघडा म्हणून दाखवायची. पाहुणे माना डोलवत, शेट मिशांना पीळ देई. सिदोजीला मात्र घास गोड लागेना.

एकदा बाजारात मीठ वाहणाऱ्या तांड्याचा बैल लंगडताना दिसला. सिदोजी धावला. रोगाचं नाव त्यानं अचूक सांगितलं, पण खुराला चिरा देताना त्याचा हात थरथरला. बैल कळवळला आणि लाथ झाडून मोकळा झाला.

"नावं समदी तोंडपाठ हायेत गड्या," तांड्याचा नायक म्हणाला, "पर हाताची सवय पार मोडलीय तुझ्या."

ते सिदोजीच्या काळजाला लागलं, कारण ते खरं होतं. तो तडक शेटकडे गेला.

"सकाळच्या वेळी मला गावातली जनावरं बघू द्या."

"माझ्या वैद्याचे हात शेणात? लोक हसतील मला!" शेट म्हणाला. "त्यापेक्षा पगार दुप्पट घे."

सिदोजी घुटमळला. दुप्पट पगार म्हणजे काही थट्टा नव्हे. मग त्यानं अंगरखा उतरवून खुंटीला टांगला.

"पगार तुम्ही द्याल शेट. गेलेली विद्या कोण देईल?"

तांडा गाठून तो नायकाला म्हणाला, "तुमचे बैल मी बघतो. आज जेवढं येतंय तेवढ्याचेच पैसे द्या. हात बसला की पुरती मजुरी मागेन, तेव्हा कां कू चालणार नाही."

सिदोजीनं लाथा खाल्ल्या, शिव्याही खाल्ल्या, पण तो हटला नाही. हळूहळू हात स्थिर झाला. शेवटी सगळ्यांनी आशा सोडलेला एक बैल त्यानं उभा केला. बैल आपल्या पायांनी घाट चढला, तेव्हा सिदोजीला आनंदानं रडू फुटलं.

त्याच दिवशी त्यानं पुरती मजुरी मागितली. नायक कुरकुरला, पण दिली. शेटच्या पगारापेक्षा ती कमीच होती. सिदोजीनं ती कमरेला खोचली आणि पुढच्या बैलाचा खूर मांडीवर घेतला.

तात्पर्य: पगारानं शिकलेल्याचा मान राहतो, पण त्याचं समाधान शिकलेलं रोज वापरण्यात असतं, म्हणून नोकरी धरताना पगाराइतकंच, आपल्या विद्येला तिथं काम आहे का, हेही विचारावं.