सभापतींचा मुखवटा

बोहाड्याच्या उत्सवात गावकरी देवांचे मुखवटे चढवून नाचतात. उत्सव उद्यावर आला, तरी लखमा भोयेचा गणपतीचा मुखवटा काही रंगवून होईना, कारण पंचायत समितीचे सभापती सकाळपासून त्याच्या शेजारी बसलेले. "डोळे बारीक कर! लाल कमी लाव!" तोंडाला विश्रांती म्हणून नाही.

शेवटी वैतागून लखमाने वाळलेला खंडेरावाचा मुखवटा त्यांच्याच तोंडावर बांधला. "माप बघतो, सायेब. पण देव चढवला की बोलायचं नाही, अशी रीत आहे."

सभापती गप्प झाले. येणारे-जाणारे त्यांच्या पाया पडू लागले. लखमाचं काम निवांत उरकलं.

मुखवटा उतरताच सभापती फुगून म्हणाले, "बघितलंस, गावात मला केवढा मान आहे!"

"आहे ना, सायेब," लखमा म्हणाला. "तोंड झाकून गप्प बसलात की लगेच मिळतो."