गाढवावरचा मान

पाटलांचं नाव रंगराव होतं की रघोजी, हे आता नक्की आठवत नाही. चुकीचं नाव सांगण्यापेक्षा नुसतं पाटील म्हटलेलं बरं.

ख्रिस्ती धर्म सोड, नाहीतर गाढवावरून धिंड काढतो, असं पाटलांनी शमुवेल गवंड्याला चावडीवर बजावलं. शमुवेल म्हणाला, "प्रभूला नाही सोडायचा." झालं, त्याला गाढवावर बसवलं. लोक टाळ्या पिटू लागले. शमुवेलने गाढवाच्या मानेवरून हात फिरवला आणि काहीतरी आठवून त्याचा चेहरा एकदम उजळला.

"पाटील, एवढा मान मला? आमचा प्रभू असाच गाढवावर बसून यरुशलेमात शिरला होता. लोकांनी त्याच्या वाटेवर आपले अंगरखे अंथरले होते. गाढव तुम्ही दिलंत, आता पहिला अंगरखाही तुमचाच येऊ द्या!"

सगळी चावडी पोट धरून हसली. पाटलांनी नकळत आपला नवा अंगरखा घट्ट धरला.

"उतरवा रे त्याला!"

"आत्ताच? वेशीपर्यंत तरी मिरवू द्या की!"

त्या गावात पुढे कुणाचीच गाढवावरून धिंड निघाली नाही, हे मात्र पुष्कळ वर्षांनी तिथे जाऊन पक्कं करून घेतलं आहे.